गाईड म्हणतात प्रोजेक्ट ७०% एआयचा आहे, मी तर फक्त भाषांतर करून घेतलं. आता काय करू?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: सांगलीच्या हळद बाजारावर एम.कॉम.चा प्रोजेक्ट, मजकूर मराठीत लिहिलेला, इंग्रजी चॅटजीपीटीकडून करून घेतलेलं, आणि तपासणीत आकडा आला ७०.

आधी गाईडकडून रिपोर्टची पूर्ण पीडीएफ मागून घ्या. सिमिलॅरिटी आणि एआय हे दोन वेगळे रिपोर्ट असतात आणि कॉलेजांमध्ये सर्रास एकमेकांत मिसळले जातात. सिमिलॅरिटीत कुठली ओळ कुठून जुळली ते दिसतं, ते पडताळता येतं. एआयच्या आकड्यामागे मूळ मजकूर नसतो. शब्द किती अपेक्षेप्रमाणे एकामागून एक येतात, यावरून बांधलेला तो अंदाज. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेचे, ९१ निबंध एआय ओळखणाऱ्या सात डिटेक्टरांना दिले, तेव्हा माणसांनी लिहिलेले निबंधही सरासरी निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरले. ओपनएआयनं स्वतःचा डिटेक्टर त्याच वर्षी जुलैत अचूकता कमी म्हणून बंद केला. नुसत्या आकड्यावर कुणाला दोषी धरणं मला तरी मान्य नाही.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम तुम्हाला कुणी दाखवतील: १०% पर्यंत माफ, ४० पर्यंत दुरुस्ती, ६० च्या वर नोंदणी रद्द. ते टप्पे सिमिलॅरिटीचे आहेत. शिवाय त्या नियमांच्या व्याख्येतून प्रोजेक्ट रिपोर्ट आणि असाइनमेंट वगळलेले आहेत, डिझर्टेशन (प्रबंध) मात्र त्यात येतं. तेव्हा तुमच्या अभ्यासक्रमात याला नक्की काय म्हटलंय ते बघा आणि कॉलेजचा स्वतःचा लेखी नियम मागा.

आता तुमची बाजू. ‘फक्त भाषांतर’ हे बहुतेक वेळा फक्त भाषांतर नसतं. ‘इंग्रजी सुधारून दे’ म्हटलं की चॅटजीपीटी वाक्यं वाढवतं. मराठी मूळ आणि इंग्रजी शेजारी ठेवून परिच्छेदागणिक ओळी मोजा. मराठीत चार आणि इंग्रजीत नऊ असतील, तर जास्तीच्या पाच तुमच्या नाहीत, त्या काढा. मग शब्द तपासा. सांगलीजवळच्या हरिपूरचं पेव ‘वेअरहाऊस’ झालंय का? पेव म्हणजे जमिनीतला खड्डा, साठवणुकीचा सगळा मुद्दाच तिथं बदलतो. ‘सौदे’चं ‘डील’ झालंय का? तिथं लिलाव, म्हणजे ‘ऑक्शन’ हवं. पावसाळ्यानंतर लगेच हळद काढतात असं कुठे आलंय का? मे-जूनची लागण जानेवारी ते मार्चमध्ये निघते, हे तासगाव-मिरजेकडच्या परीक्षकाला सांगावं लागत नाही. असल्या चुका डिटेक्टरपेक्षा जास्त घात करतात.

संदर्भयादीतलं प्रत्येक शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधा, डीओआय (लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) असेल तर तो उघडून बघा. बनावट संदर्भात लेखक खरा, नियतकालिक खरं, पण तो लेखच छापलेला नसतो. असा एक जरी सापडला, तर बाकीच्या खऱ्या कामावरही विश्वास बसत नाही.

ह्युमनायझरच्या, म्हणजे एआयचा मजकूर माणसाचा वाटावा म्हणून बदलणाऱ्या साधनाच्या, नादी अजिबात लागू नका. ते समानार्थी शब्द अदलाबदल करतं, त्यात ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’सारख्या ठरलेल्या संज्ञांचीही मोडतोड होते, आणि लपवाछपवीचा पुरावा तुमच्याच फाईलमध्ये राहतो.

गाईडकडे जाताना भरलेल्या प्रश्नावल्या, अडत्यांच्या पट्ट्यांचे (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्यांचे) फोटो (शेतकऱ्याचं नाव झाकून), एक्सेल आणि मराठी मसुदा न्या. मसुदा गूगल डॉक्समध्ये असेल तर संगणकावर उघडून आवृत्ती इतिहास दाखवा. महिनाभर थोडाथोडा वाढलेला मजकूर आणि एका मिनिटात येऊन पडलेली वीस पानं, फरक लगेच दिसतो. चॅट डिलीट करू नका. भाषांतराला दिलेला मराठी मजकूर त्यातच आहे, तोच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा.

प्रतिज्ञापत्राखाली एवढं लिहा: ‘माहिती संकलन, विश्लेषण व मूळ मराठी लेखन माझे आहे. इंग्रजी भाषांतरासाठी चॅटजीपीटी वापरले असून भाषांतर मी मूळ मजकुराशी ताडून पाहिले आहे.’ हे आधीच लिहिलं असतं तर गोष्ट इथवर आली नसती. आणि विद्यापीठ मराठी माध्यमाला परवानगी देत असेल, तर मराठीतच सादर करता येतं का, हे एकदा विचाराच.