पोटावरची ती जाळी

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझी पेशंट एकोणीस वर्षांची मुलगी, पाळीत पोट दुखून दर महिन्याला चार-पाच दिवस कॉलेज बुडतं, तीनदा सोनोग्राफी झाली, तिन्ही रिपोर्ट नॉर्मल. आणि केसपेपर हातात घेऊन उभी असलेली आई विचारते, "मॅडम, ही नाटक तर करत नाही ना?" पुढे काय करू, असं तू विचारलंस. त्याआधी तुझ्याच पत्रातली एक ओळ तुला वाचून दाखवते: "ओटीपोटावर तपकिरी, जाळीसारखे डाग आहेत, स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवू का?"

नको पाठवूस. ते शेकाचे डाग आहेत. गरम पाण्याची पिशवी महिनोन्‌महिने एकाच जागी धरली की कातडीवर अशी जाळी उमटते. नाटक करणारी पोरगी स्वतःचं पोट शेकून काळं करून घेत नाही. आईला ते डाग दाखव. माझा अनुभव असा, की त्यानंतर तो प्रश्न पुन्हा येत नाही.

एन्डोमेट्रिओसिसचं, म्हणजे गर्भपिशवीसारखं अस्तर पिशवीबाहेर रुजण्याच्या आजाराचं, नाव तुझ्याही मनात आलं असणार. रिपोर्ट कोरा, म्हणून तू अडखळलीस. अगं, पण ती सोनोग्राफी झाली कशी? लग्न झालेलं नाही म्हणून तिन्ही वेळा पोटावरूनच. त्यात अंडाशयातली मोठी गाठ दिसेल; पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेले या आजाराचे बारीक ठिपके दिसणार नाहीत. ते योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीतही बऱ्याचदा दिसत नाहीत. एमआरआय करता आला तर खोलवर रुजलेला आजार सापडू शकतो, पण तोही कोरा आला म्हणून आजार नाही, असं लिहू नकोस. पूर्वी आम्ही म्हणायचो, पोटात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो हट्ट सोडला. लक्षणं ऐकून, तपासून, शंका पक्की वाटली की औषध सुरू करता येतं.

म्हणजे सगळी भिस्त ऐकण्यावर. आईला केसपेपरवर शिक्का आणायला पाठव आणि तेवढ्या पाच मिनिटांत विचार. पाळीत संडासला बसताना कळ येते का? लघवीला? पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं का? "पोट दुखतं का" विचारलंस तर सगळ्याच हो म्हणतात. संडासचं विचारलंस की ती चपापून बघते, कारण ते कुणी विचारलेलंच नसतं. लग्न झालेल्या बाईला संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं का, हेही विचार. आपणहून ती कधीच सांगणार नाही.

आईला समजावताना मी असं सांगते: गर्भपिशवीच्या आत जसं अस्तर असतं, तसलंच पिशवीबाहेर रुजलंय. पाळीच्या हार्मोन्सना तेही ओ देतं. पिशवीतलं रक्त वाहून जातं, याला मात्र वाट नाही. मग तिथे सूज येते, हळूहळू अंडाशय, आतडं, पिशवी एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुनं रक्त साठून घट्ट, काळपट होतं, त्याला आपण चॉकलेट सिस्ट म्हणतो. "हे झालं कशामुळे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२७ मध्ये मांडलं की पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि तिथे रुजतं. पण उलटं तर बहुतेक बायकांचं जातं. आजार होतो साधारण दहातल्या एकीला. बाकीचं कोडं अजून सुटलेलं नाही. तेव्हा आंबट खाल्लं, थंड पाण्यात उभी राहिली, या यादीतलं काहीही कारण नाही, हे स्पष्ट सांग. आया स्वतःला फार दोष देतात.

आता औषध. वेदनाशामक गोळी दुखणं डोक्यात गेल्यावर नाही, चाहूल लागताच घ्यायची, काहीतरी खाऊन. तेवढ्यावर भागत नसेल तर हार्मोनच्या गोळ्या: साध्या गर्भनिरोधक गोळ्या, किंवा डायनोजेस्ट दोन मिलिग्रॅम रोज एक. गर्भनिरोधक म्हटलं की घरात वादळ होतं, हे धरूनच चाल. मी आयांना आठवण करून देते, की गणपतीत पाळी पुढे ढकलायला तुम्हीच मेडिकलमधून गोळ्या आणता ना? औषध त्याच कुळातलं आहे. तेव्हा देवासाठी चालतं, आता पोरीसाठी चालवा. (यावर एकदा एक आजी खो-खो हसल्या आणि परवानगी दिली.) डायनोजेस्टने सुरुवातीचे काही महिने मध्येच अंगावर जातं, हे आधी सांगितलं नाहीस तर दुसऱ्या आठवड्यात गोळी बंद झालेली असेल. मन उदास होतं का, हे प्रत्येक भेटीत विचार. एवढ्या लहान वयात ही गोळी हाडांवर परिणाम करू शकते, तिकडेही लक्ष हवं. आणि लग्न झालेल्या पेशंटला सांग, की डायनोजेस्टवर गर्भनिरोधक म्हणून विसंबायचं नाही. गोळ्या बंद केल्यावर दुखणं परत येऊ शकतं, हेही लपवू नकोस.

ऑपरेशनची घाई नको. दुर्बिणीतून आजार काढल्याने पुष्कळजणींना आराम पडतो, पण तो परत येऊ शकतो. अंडाशयावरची गाठ काढताना चांगली स्त्रीबीजंही जातात, म्हणून पहिलंच ऑपरेशन अनुभवी हाताने व्हावं. रक्ततपासणीत सीए-१२५ हे प्रथिन वाढलेलं पाहून काहीही ठरवू नकोस. ते पोटाच्या टीबीतही वाढतं, आणि आपल्याकडे टीबी डोक्यातून कधीच काढायचा नसतो. "पिशवीच काढून टाका" म्हणणारे भेटतील. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास कशा काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली तेव्हा सगळ्यांनी वाचलं. इथे तर रोगच पिशवीबाहेर असतो. पिशवी गेली तरी दुखणं राहू शकतं.

एक मात्र तिला कधीही सांगू नकोस: "लग्न झालं की थांबेल." मी सांगितलं होतं. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, ओपीडीत शंभर बायका, आणि समोर अशीच एक पोरगी ओढणीचा बोळा पोटाशी दाबून बसलेली. मी वर न पाहता ते वाक्य बोलले. आठ वर्षांनी ती मूल होत नाही म्हणून आली. दोन्ही अंडाशयांत गाठी, दोन्ही पिशवीमागे एकमेकांना चिकटलेली. तिने मला ओळखलं, मी तिला नाही. "तुम्ही म्हणाला होतात, म्हणून सहन केलं," एवढंच म्हणाली, तेही तक्रारीच्या सुरात नाही. गरोदरपणात दुखणं काही काळ दबतं, पण तो इलाज नव्हे. लग्न तर नव्हेच. अर्थात, "तुला मूल होणार नाही" हेही बोलू नकोस. या आजाराच्या कितीतरी बायकांना मुलं होतात.

तुझ्या पोरीला एक साधी वही करायला सांग. तारीख, दुखणं दहापैकी किती, गोळ्या किती, कॉलेजला गेली की नाही. आईला नको, तिलाच लिहू दे. गोळी सुरू करून तीन महिन्यांनी वही बघ. आकडे उतरले नसतील तर माझ्याशी बोल, मग मोठ्या ठिकाणी कुणाकडे पाठवायचं ते ठरवू. फोन दुपारी दोनच्या आधी कर. नंतर मी झोपलेली असते.

तुझी,
मॅडम