तो वायरी काढतो ते बिघडवायला नाही

प्रश्न: मी कराडला शिक्षक आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. जुना पीसी आणि लॅपटॉप दोन लॅन वायरींनी जोडतो, मग रात्री एकेक वायर उपसतो, मशीन हँग करतो. विचारलं तर म्हणतो लिनक्स कर्नलचं मल्टिपाथ शिकतोय. पुण्याचा पुतण्या म्हणतो क्लाउड आल्यापासून स्टोरेजला स्कोप नाही, जावाचा क्लास लावा. लॅपटॉप मी कपाटात ठेवलाय. गेटची तयारी करायला लावू का?

उत्तर: सर, आधी तो लॅपटॉप काढून त्याच्या हातात द्या. पत्र वाचून मला मुलाची काळजी वाटलीच नाही, वाटली ती त्या कपाटाची. कुणी न सांगता पोरगा रात्री जागून एक गोष्ट खोलात शिकतोय आणि आपण कुलूप लावतोय. असा मुलगा तुमच्या वर्गात असता तर तुम्ही त्याला पहिल्या बाकावर बसवलं असतं ना?

तो काय करतोय ते सांगतो. मोठ्या सर्व्हरला स्टोरेजपर्यंत जायला दोन वाटा ठेवतात, हेच मल्टिपाथ. त्यामुळे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एकच डिस्क दोनदा दिसते, एसडीबी आणि एसडीसी म्हणून, आणि कर्नलमधला डिव्हाइस मॅपर नावाचा भाग त्या दोन्हींवर मिळून एकच डिस्क उभी करतो, तिचं नाव एमपाथए. एक वायर काढली की चालू असलेली फाइल कॉपी काही सेकंद अडते आणि दुसऱ्या वाटेनं पुढे चालू. दोन्ही काढल्या तर मात्र सेटिंगवर आहे, लगेच एरर द्यायची की वाट परत येईपर्यंत थांबून राहायचं. थांबायचं ठरवलं असेल तर ती कॉपी डी स्टेटमध्ये, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट बघत, अडकते, किल मायनस नाइन ही जबरदस्तीनं बंद करायची कमांड मारली तरी मरत नाही. तुम्ही बघितलेलं हँग बहुतेक हेच. बँकेच्या सर्व्हरवर हे पहिल्यांदा बघण्यापेक्षा घरच्या टेबलावर बघितलेलं केव्हाही बरं.

पुतण्याचं म्हणणं चूक आहे. क्लाउड म्हणजे शेवटी कुणाच्या तरी डेटा सेंटरमधली मशीनंच, त्यातल्या बहुतेकांवर लिनक्स, आणि तिथेही स्विच बंद पडतो, केबल निघते. हे काम संपलेलं असतं तर जानेवारी 2018 मध्ये आलेल्या लिनक्स 4.15 मध्ये एनव्हीएमई या वेगवान डिस्कच्या जोडणीसाठी वेगळं मल्टिपाथ घालायची गरजच पडली नसती. आणि पुण्याचंच बोलायचं तर वेरिटास या स्टोरेज सॉफ्टवेअर कंपनीचं डीएमपी म्हणजे हेच काम, त्या कंपनीचं ऑफिस पुण्यात कित्येक वर्षं होतं.

आता मुलासाठी, जरा कडक. फ्रेशरला कर्नलमध्ये जागा थोड्या असतात, नुसत्या वायरी काढून कुणी घेत नाही. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा पक्की कर, कर्नलच्या सोर्समधली डीएम-एमपाथ डॉट सी ही मल्टिपाथची फाइल रोज थोडी वाच, आणि प्रत्येक प्रयोग वहीत लिही, कॉपी किती सेकंद अडली, कुठला टाइमआउट बदलला, मग काय झालं. ही वही इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल.

गेट द्यायचं असेल तर देऊ दे, ऑपरेटिंग सिस्टिम सिलॅबसमध्ये आहेच, पण ते त्याला ठरवू द्या.

आणि सर, एका रात्री त्याच्या शेजारी बसा, वायर तुम्ही स्वतः काढा. मग विचारा, समजा डिस्कच जळाली तर? "दोन्ही वाटा एकाच डिस्कला जातात बाबा, त्याला रेड, म्हणजे अनेक डिस्कवर डेटा ठेवणं, आणि बॅकअप लागतो" असं पटकन म्हणाला तर त्याला विषय कळलाय. अडखळला तर पुढचा आठवडा त्यानं नेमकं तेच वाचावं.