बाबांचं प्रत्यारोपण, चार अंशांचा फ्रीज आणि तुमचं पीपीएफ

सांगलीच्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. वडील 61 वर्षांचे, मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग. औषधांचा गुण चांगला आला, आता त्यांच्याच मूलपेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, काढून, कर्करोगाच्या औषधाचा मोठा डोस देऊन, त्या परत द्यायच्या आहेत. एक रुग्णालय 8 लाख सांगतंय. तिथे पेशी न गोठवता रक्तपेढीच्या 4 अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवतात. दुसरं 11.5 लाख सांगतंय. तिथे पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात. हाताशी बाबांची 5 लाखांची पॉलिसी, 4 लाखांची एफडी आणि ताईंचं 11 वर्षांचं पीपीएफ. त्या विचारतात, "पीपीएफ बंद करून महागड्या ठिकाणी जाऊ का? स्वस्तात गेलो आणि काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही."

ताई, ही भीती मला कळते. म्हणून आधी पेशींचं बोलू, कारण पैशांचं उत्तर त्यातच आहे.

मायलोमात जो मोठा डोस देतात त्या औषधाचं नाव मेल्फालन. ते शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे साधारण एका दिवसाने पेशी परत देता येतात. म्हणजे पेशी काढल्यापासून परत देईपर्यंत मध्ये दोन-तीन दिवसच जातात. तेवढ्यासाठी 4 अंशांचा फ्रीज पुरतो. भारतात आणि मेक्सिकोत कित्येक केंद्रं वर्षानुवर्षं हेच करत आली आहेत आणि रुग्णांचे काउंट, म्हणजे रक्तपेशींची संख्या, पुन्हा वर येतात. उलट गोठवलेल्या पेशींसोबत डीएमएसओ नावाचं रसायन शरीरात जातं. त्याने मळमळ होते, श्वासाला विचित्र वास येतो, कधी बीपी हलतं. फ्रीजमधल्या पेशींना ते लागतच नाही.

फ्रीजची मर्यादाही सांगतो. दिवस वाढले की पेशी मरू लागतात. लिम्फोमा या दुसऱ्या कर्करोगात पेशी देण्याआधीची औषधंच जवळपास आठवडाभर चालतात, तिथे हा हिशेब बसत नाही. बाबांच्या बाबतीत खरी जोखीम उशिराची आहे: पेशी काढल्या आणि नेमका ताप भरला तर? म्हणून 8 लाखांवाल्या डॉक्टरांना विचारा, की अशा वेळी उणे 80 अंशांचा डीप फ्रीझर आहे का. हा मधला मार्ग आहे. यात तापमान मोजून-मापून उतरवणारं महागडं यंत्र लागत नाही, नायट्रोजनची टाकी लागत नाही. नेहमीच्या 10 ऐवजी 5 टक्के डीएमएसओ आणि स्टार्चचं द्रावण घालून पिशव्या थेट फ्रीझरमध्ये जातात, आणि काही महिने टिकतात. 1980च्या दशकापासून वापरात असलेली पद्धत आहे.

नायट्रोजनचा उणे 196 अंशांचा थाट लागतो तो वर्षानुवर्षांच्या साठवणीला. डॉक्टर दोन प्रत्यारोपणांपुरत्या पेशी काढून अर्ध्या पुढच्यासाठी ठेवा म्हणत असतील, तर तो वेगळा प्रश्न. मग वर्षाचं साठवणीचं भाडं किती, ते लेखी घ्या.

तेव्हा केवळ गोठवण्याच्या पद्धतीसाठी 3.5 लाख जास्त देऊ नका. पण तो फरक सगळा गोठवण्याचाच आहे का, हे बाबवार अंदाजपत्रक मागितल्याशिवाय कळणार नाही. फरक जर गाळलेल्या हवेच्या खोलीचा, अनुभवी नर्सिंगचा असेल, तर माझं मत बदलेल. काउंट शून्याजवळ असतात त्या दिवसांत माणूस संसर्गाने दगावू शकतो. तिथे काटकसर नको.

आता पीपीएफ. ते बंद करू नका. पालकांच्या गंभीर आजारासाठी पाच वर्षांनंतर बंद करता येतं हे खरं, पण खातं उघडल्यापासूनचं व्याज 1 टक्क्याने कमी धरतात. तुमचं खातं 11 वर्षांचं आहे. अंशतः रक्कम दंडाशिवाय निघते. गेल्या वर्षअखेरची आणि चार वर्षांपूर्वीची, यातली जी शिल्लक कमी असेल तिच्या निम्मी. पासबुक काढून बघा.

पॉलिसीचे कागद त्याआधी. रक्ताच्या आजारांसाठी मूलपेशी प्रत्यारोपण हे विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, पण कंपनीने त्यावर उपमर्यादा घातलेली असू शकते. 5 लाखांच्या पॉलिसीत प्रत्यक्ष किती मिळणार, ते ईमेलवर घ्या. पेशी काढण्याचे दिवस आणि त्याची इंजेक्शनं त्यात धरली आहेत का, तेही. मुख्यमंत्री सहायता निधीच्या आजारांच्या यादीत अस्थिमज्जा प्रत्यारोपण आहे. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात अर्जाचं विचारा.

पॉलिसीचे पूर्ण 5 लाख मिळाले तर एफडीतले 3 लाख घालून 8 भरतात. एफडी मोडण्याआधी तिच्यावर ओव्हरड्राफ्टचा, म्हणजे ती तारण ठेवून मिळणाऱ्या कर्जाचा, दर विचारा. पीपीएफमधून निघणारी रक्कम मात्र नंतरसाठी राखा. आमच्या काकांच्या आजारपणात आम्ही सगळं आधीच मोडून बसलो होतो. घरी आणल्यावर नवव्या दिवशी ताप आला, आणि दुसऱ्या भरतीला काकूंच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. तुम्हालाही प्लेटलेट्स, रुग्णालयाजवळची भाड्याची खोली, तुमची बिनपगारी रजा आणि पुढे दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या, हे सगळं डिस्चार्जनंतरच सुरू होईल. त्यासाठी निदान 2 लाख वेगळे ठेवूनच बाबांना दाखल करा.