उन्हाळ्यातली नॅचरल वाईन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: भावाने फ्रान्सहून ‘पेट-नॅट’ आणली. बिअरसारखं पत्र्याचं बूच होतं. उघडताच अर्धी बाटली ओट्यावर सांडली, उरलेली गढूळ निघाली. खराब झाली होती का? (पुणे)

खराब नव्हती. पुरेशी गार नव्हती आणि बहुधा हललेली होती. पेट-नॅट ही फेसाळ वाईन. ती आंबणं पुरतं संपायच्या आतच बाटलीत भरतात. उरलेल्या साखरेवर यीस्ट बाटलीतच काम करत राहतं आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वाईनमध्येच विरतो. शॅम्पेनमधला यीस्टचा साका मागाहून काढून टाकतात, पेट-नॅटमध्ये तो बहुतेक वेळा तसाच राहू देतात. म्हणून ती गढूळ दिसते. साका पोटात गेल्याने काही बिघडत नाही.

फेस का उसळला, तेही सांगतो. गार पाण्यात वायू जास्त मावतो. ५ अंशांच्या पाण्यात तो २५ अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट विरतो, आणि वाईनचंही तसंच आहे. बाटली कोमट असली की वायू बाहेर पडायला टपलेलाच असतो. त्यात ती हललेली असेल तर साक्याच्या कणाकणावर बुडबुडे धरतात.

पुढच्या वेळी बाटली रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवा, म्हणजे साका तळाशी बसेल. दारात ठेवू नका, दार उघडताना ती हलते. उघडायची ती सिंकमध्ये, खाली पातेलं ठेवून. बूच ओपनरने किंचितच उचला, वायूचा ‘स्स’ आवाज आला की दाबून धरा, थांबा, पुन्हा उचला. असं तीन-चार वेळा करून मग काढा. स्वच्छ वाईन आवडत असेल तर शेवटचे दोन बोटं बाटलीतच सोडा.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, नॅचरल वाईन कपाटात ठेवली तरी चालते. मे महिन्यातही? (नागपूर)

नागपूरच्या मे महिन्यात तर मुळीच नको. पहाटे उतरवलेली नीरा गार ठेवली नाही तर ऊन चढेपर्यंत आंबायला लागते आणि तिची ताडी होते. हे काम तिथल्या आपसूक आलेल्या यीस्टचं. नॅचरल वाईन अशाच, द्राक्षाच्या सालीवरच्या आणि तळघरातल्या यीस्टवर आंबवतात. ती सहसा गाळत नाहीत आणि सल्फाइट (वाईन टिकवायला घालतात ते) घातलंच तर नावापुरतं. त्यामुळे यीस्ट आणि जिवाणू बाटलीत जिवंत असू शकतात आणि उष्णतेने ते पुन्हा कामाला लागतात. साधी वाईन महिनाभर गरम कपाटात निस्तेज होईल, नॅचरल वाईन पार बदलून जाऊ शकते. म्हणून बाटली फ्रिजमध्येच ठेवा. दुकानात उन्हाच्या काचेमागे मांडलेली घेऊ नका. बूच बाटलीच्या तोंडावर उचललेलं दिसलं तर ती गरम झाली होती असंच समजा.

प्रश्न: एक घोट गिळला, चव छान होती. अर्ध्या मिनिटाने तोंडात उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव आली. हे काय? (ठाणे)

तुम्ही वर्णन अचूक केलंत. जगभर या दोषाला उंदराचंच नाव आहे. काही जिवाणू आणि ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट जी संयुगं तयार करतं, ती वाईनच्या आंबटपणात वायुरूप होत नाहीत, म्हणून ग्लासात वास येत नाही. लाळेने आंबटपणा उतरला की ती मोकळी होतात, आणि तोवर तुम्ही गिळलेलं असतं. यावर उपाय नाही. हवा लागून ती वाढू शकते, तेव्हा ‘उघडी ठेवा, जाईल’ हा सल्ला ऐकू नका, बाटली परत करा. सगळ्यांना ही चव कळत नाही, एखाद्याला काहीच जाणवणार नाही.

प्रश्न: सल्फाइट नाही, म्हणजे डोकं दुखणार नाही? (छत्रपती संभाजीनगर)

अशी खात्री नाही. उन्हाळ्यात दुखण्याची मोठी कारणं मद्य आणि पाण्याची कमतरता. दर ग्लासामागे एक मोठा ग्लास पाणी प्या. आंबताना यीस्ट स्वतःही थोडं सल्फाइट तयार करतं, म्हणून शून्य जवळपास अशक्य. फ्रान्समध्ये २०२० मध्ये मान्यता मिळालेल्या ‘व्हॅं मेतोद नातुर’ या नॅचरल वाईनच्या चिन्हासाठी सल्फाइटची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. युरोपात साध्या कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, व्हाईट वाईनला २०० चालतं.

प्रश्न: कोणती घ्यावी, आणि जेवणासोबत काय जमेल? (मुंबई)

लेबलवर मद्य १०.५ ते १२ टक्के पाहा. त्याहून तीव्र वाईन उकाड्यात जड जाते. फ्रान्समधल्या लुआरची म्युस्कादे ही व्हाईट वाईन आंबट आणि हलकी असते. बोंबील फ्रायसोबत तीच घ्या, ८ ते १० अंशांवर. रेड हवी असेल तर फ्रान्समधल्याच बोजोलेची, गामे द्राक्षाची वाईन १२ ते १४ अंशांवर, म्हणजे फ्रिजमधून काढून १५-२० मिनिटांनी. जॉर्जियाच्या मातीच्या रांजणातली नारिंगी वाईन (संत्र्याची नव्हे, पांढऱ्या द्राक्षांची सालीसकट आंबवलेली) सालीमुळे तुरट असते, त्यामुळे ती जेवणासोबतच घ्या. सोलकढीसोबत आंबट वाईन निवडा, कारण आंबटापुढे कमी आंबट वाईन फिकी लागते. ठेच्यासोबत किंचित गोड पेट-नॅट, जास्त मद्याने तिखट अधिक झोंबतं. आमरसासोबत मात्र कोरडी वाईन नको, ती नुसती आंबट लागेल.

बाटली गार करायला वेळ नसेल तर अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ यांच्या बादलीत मानेपर्यंत बुडवून २० मिनिटं ठेवा. मात्र पेट-नॅटचा साका अशा घाईत बसत नाही. ग्लासात एका वेळी १०० मिलिलिटरच ओता, बाकी बाटली बर्फात.