अल्पवयीन मुलाची पहिली केस हाती येते तेव्हा
न्यायालयाची घाई नंतर कर, आधी पोलीस ठाण्यातले पहिले काही तास सांभाळ. पालकांना लगेच कळवलं का, जबाबाच्या वेळी वकील होता का, मोठ्या आरोपींपासून मुलाला वेगळं ठेवलंय का, हे स्वतः जाऊन बघ. भेदरलेलं पोर सुटकेच्या आशेने कशालाही ‘हो’ म्हणतं.

मग सामाजिक तपास अहवाल, म्हणजे मुलाच्या घरादाराची आणि परिस्थितीची माहिती देणारा अहवाल. त्यात ‘घरची परिस्थिती बेताची’ एवढ्यावर भागवू नकोस. शाळा का सुटली, रात्री कुठे झोपतो, कोणाचं ऐकतो, ते लिही. कोठडी हा शेवटचा उपाय, तोही कमीत कमी काळासाठी, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात स्पष्ट म्हटलंय. सुनावणीत ते ठामपणे मांड. आणि मुलाचं नाव बाहेर फुटू देऊ नकोस, पत्रकार कितीही ओळखीचा असो.