चार वर्षांच्या मुलाला घरीच शिकवायचे आहे; अक्षरओळखीची सुरुवात कशी करावी?

अक्षरे गिरवून घेण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. या वयात बोटांचे आणि मनगटाचे स्नायू पुरेसे बळकट झालेले नसतात. मातीकाम, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे यांतूनच हात लेखनासाठी तयार होतो. वाचनाचा पाया मात्र कानांवर रचला जातो. रोज मोठ्याने गोष्ट वाचून दाखवावी, मधेच थांबून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारावे आणि ‘कमळ’, ‘काठी’, ‘कान’ या शब्दांच्या आरंभी कोणता ध्वनी ऐकू येतो हे खेळातून ओळखायला लावावे, कारण शब्द ध्वनींचा बनलेला असतो हे उमगल्यावाचून अक्षर ही मुलासाठी केवळ एक आकृती असते. मूल एकच गोष्ट दहा वेळा मागेल. ती दहाही वेळा वाचावी.

अंकांबाबत एवढेच, की पाच चमचे मोजल्यावर ‘एकूण किती?’ याचे उत्तर पुन्हा न मोजता देता आले, तरच संख्या कळली असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार या वयात पडद्यासमोरचा बैठा वेळ दिवसाला १ तासापेक्षा अधिक नसावा. माझ्या मते शैक्षणिक ॲपही त्यातच मोजावे.