जहाजावरच्या तलावात पाणी खारं की गोडं?

प्रश्न : आम्ही क्रूझवर निघालोय. क्लोरीनने आईचे डोळे चुरचुरतात. तिथल्या तलावात समुद्राचंच पाणी असतं ना?

उत्तर : काही जहाजांवर असतं, काहींवर नाही, बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. माझी नोकरी इंजिनरूममधली. अमेरिकी आरोग्यनियमांप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, चालत्या जहाजावर, समुद्राचं पाणी थेट तलावातून खेळवता येतं. बंदर जवळ आलं की झडप बंद! मग तेच पाणी गाळून फिरवायचं नि त्यात क्लोरीन घालायचं, नाहीतर तलाव रिकामा करायचा. म्हणजे खाऱ्या पाण्यातही क्लोरीन असू शकतंच, वर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ. आईंना घट्ट बसणारा पोहण्याचा चष्मा घेऊन द्या. मला विचाराल तर गोडंच बरं. खाऱ्याने केसांची पार सुतळी होते.